इतर या सदराखाली

भातावरील किडींचा अंदाज घ्यावयाचा तर दिवसा खाचराखाचरांतून हिंडून जेवढे हाती लागते त्याहून अधिक, अंधार पडल्यावर एका दिव्यापाशी स्वस्थ बसून राहणाऱ्याच्या हाती लागते, ही गोष्ट शेतीखात्याच्या चाकरीत शिरणाऱ्या माणसास पहिल्याच खरिपात शिकविली जाते. मलाही ती तशीच शिकविली गेली. आणि चाकरी संपून कागदपत्रे कचेरीच्या स्वाधीन केली तरी दिव्यापाशी बसण्याचा शिरस्ता काही सुटला नाही. भिवंडी तालुक्याच्या उत्तर भागात, अंबाडी-वज्रेश्वरीच्या बाजूस असलेल्या दिघाशीच्या शिवारात, आश्विन-कार्तिकाच्या रात्री पांढरे कापड टांगून मी पतंगांची मोजदाद करीत आलो आहे. त्या कामाविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते, ते अशासाठी, की हे काम करणारी माणसे आपल्याकडे थोडी आहेत, आणि जी आहेत त्यांतील पुष्कळशी एखाद्या दुर्मिळ पाखराच्या छायाचित्रासाठी रात्री जागवितात. मला सांगावयाचे आहे ते नित्य येणाऱ्या, नाव नसलेल्या, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या पाखरांविषयी आणि त्यांच्या हजेरीपटाविषयी.

दिघाशीची भूमी या कामास सोयीची आहे. एका बाजूस तुंगारेश्वराच्या डोंगरांचा आणि दुसऱ्या बाजूस तानसाच्या जंगलाचा शेजार, मधल्या सपाटीत भाताची खाचरे, खाचरांच्या वर वरकस जमिनीचे उंचवटे, बांधांवर ऐन, उंबर, शेमट आणि करंज, ओहोळाच्या काठी वेलींची जाळी, आणि त्याही पलीकडे चढावर सागाची राने, असा थोडक्या अंतरात रूप पालटणारा हा मुलूख आहे. पतंगाची अळी वाटेल त्या पानावर वाढत नाही. बहुतेक जातींचा संसार एखाद्या वनस्पतीशी किंवा वनस्पतींच्या एखाद्या कुळाशी बांधलेला असतो. म्हणूनच रात्री कापडावर जी पाखरे उतरतात त्यांची यादी जाणत्या माणसाने वाचली, तर ती आसपासच्या शिवाराची, म्हणजे तिथे उंबर शिल्लक आहे की नाही, परसात अळू लावले आहे की नाही, वरकशीवर तीळ पेरला होता की नाही, याची बिनचूक फर्दच ठरते.

खात्याच्या दिवसांतला सापळा अगदी साधा होता. बांधावर तीन बांबूंची तिकाटणी उभी करावयाची, तिला गॅसबत्ती टांगावयाची, आणि खाली घमेल्यात पाणी भरून त्यावर थोडे रॉकेल ओतावयाचे. दिव्याभोवती घिरट्या घालणारे पाखरू थकून पाण्यात पडले की रॉकेलच्या तवंगामुळे पुन्हा उडत नसे. पुढे विजेचे दिवे आले, नंतर मादीच्या गंधाचे आमिष दाखवून नरांना पकडणारे कामगंध सापळे आले, आणि गॅसबत्त्या अडगळीत गेल्या. सकाळी घमेल्यातला ऐवज चाळणीवर काढून छापील तक्त्यात भरावयाचा असे. तारीख, दिवा लावल्याची वेळ, विझविल्याची वेळ, पाऊस, वारा; मग खोडकिड्याचे पतंग, नर किती, मादी किती; हिरवे तुडतुडे, तपकिरी तुडतुडे; पाने गुंडाळणाऱ्या अळीचे पतंग; लष्करी अळीचे पतंग; आणि सर्वांत शेवटी एक अरुंद सदर असे, त्याचा मथळा 'इतर'.

तो तक्ता ज्या कामासाठी आखला होता त्या कामास तो सर्वस्वी योग्य होता, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. खोडकिड्याची मादी फिकट पिवळ्या रंगाची असते, तिच्या प्रत्येक पुढच्या पंखावर एक ठसठशीत काळा ठिपका असतो, आणि भाताच्या पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंज घालून ती तो आपल्या शेपटाकडच्या भुऱ्या केसांनी झाकून टाकते. त्यातून निघालेली अळी खोडात शिरली, आणि पीक फुटव्यांच्या अवस्थेत असले, तर मधला कोंब वाळतो, त्यास गाभेमर म्हणतात. पीक निसवताना शिरली तर लोंबी पांढरी पडून दाणाच भरत नाही, ती पळींज. चौरस मीटरला एक अंडीपुंज किंवा शेकडा ५ गाभेमर दिसली की उपाय योजण्याची वेळ आली असे मानतात, आणि ती वेळ येण्यापूर्वीच सावध करणे हे दिव्याचे काम. ज्या माणसाचे वर्षाचे पोट त्या लोंब्यांवर आहे त्याला ऐनावरच्या रेशमी पतंगाची वार्ता सांगून उपयोग नसतो. खात्याने शत्रूंची नावे छापली आणि उरलेल्यांस 'इतर' म्हटले, यात गैर काही नव्हते.

तथापि त्या सदरात मी जो आकडा लिहीत असे तो वरच्या सगळ्या आकड्यांच्या बेरजेहून पुष्कळदा मोठा असे, आणि त्या एका आकड्यात किती निरनिराळ्या जिवांची समाप्ती झालेली असे ते चाळणीवर बोटभर उंचीचा ओला ढीग समोर ठेवून बसणाऱ्यालाच दिसत असे. पुढे मी जे काम स्वतःच्या जबाबदारीवर चालू ठेवले, ते त्या एकाच सदराचा तपशील लिहिण्याचे काम आहे.

आता घमेले नाही, रॉकेल नाही. दोन खांबांमध्ये दोरी बांधून तिच्यावर भिवंडीच्या मागावरचा मांजरपाट सोडतो, त्याचे खालचे टोक जमिनीवर पसरून दगड ठेवतो, आणि कापडापुढे १६० वॅटचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावतो. या दिव्याच्या प्रकाशात माणसाला न दिसणारे अतिनील किरण पुष्कळ असतात, आणि पतंगांच्या डोळ्यांस नेमके तेच अधिक जाणवतात. पाखरू कापडावर येऊन बसले की पाहावयाचे, ओळख पटली तर लिहावयाचे, न पटली तर मोजपट्टी शेजारी धरून छायाचित्र घ्यावयाचे, आणि त्यास त्याच्या मर्जीवर सोडावयाचे. मारण्याचे कारण राहिले नाही. काही सूक्ष्म जाती अशा आहेत की शरीर उघडून तपासल्यावाचून एकीपासून दुसरी वेगळी करता येत नाही. तिथे मी फक्त कुळाचे नाव लिहितो आणि पुढे रेघ ओढतो.

दिव्याची जागा कोठे असावी यावर गावात प्रथम चर्चा झाली ती लक्षात राहण्यासारखी आहे. ज्यांच्या खाचराच्या कडेला खांब रोवण्याचा विचार होता ते वृद्ध शेतकरी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, तुमचा दिवा मुलखातली पाखरं बोलावणार. त्यातली पोटुशी असतील त्यांनी माझ्या भातावर अंडी घातली तर?" त्यांची शंका अगदी रास्त होती. दिव्याकडे ओढली गेलेली सगळीच पाखरे कापडापर्यंत पोहोचत नाहीत. कित्येक वाटेतच गवतावर, पिकावर बसून राहतात. "बाबा, म्हणूनच उभ्या पिकापासून लांब, वरकशीच्या उघड्या माळावर दिवा लावायचा," असे मी सांगितले, आणि जागा त्यांनीच दाखविली. आजही तीच जागा आहे. नोंदीच्या दृष्टीने जागा न बदलण्याचे महत्त्व मोठे आहे, कारण दिवा दहा पावले इकडेतिकडे सरकला तरी आकडे बदलतात, आणि मग या वर्षीच्या रात्रीची गेल्या वर्षीच्या रात्रीशी तुलना करण्याचा अधिकार आपण गमावून बसतो.

शरदाच्याच रात्री का, असे मला विचारतात. पावसाळ्याच्या आरंभी पतंगांची संख्या पुष्कळ असते हे खरे. पण त्या वेळी कापड टिकत नाही, दिव्याची काच तडकते आणि वहीची पाने लगदा होतात. भाद्रपद सरून हस्त नक्षत्राचा गडगडाटी पाऊस एकदा पडून गेला, की परतीच्या पावसाच्या दोन सरींमध्ये ज्या उबदार, निवांत, किंचित दमट रात्री मिळतात त्यांची बरोबरी दुसऱ्या कोणत्याही ऋतूस येत नाही. चार महिने हिरव्या पाल्यावर पोसलेल्या अळ्यांची पिढी तेव्हा पंख घेऊन बाहेर पडत असते, आणि पाला कोरडा पडण्याच्या आत तिला आपला व्यवहार उरकावयाचा असतो. हळवी भाते कापणीस आलेली, गरवी अजून हिरवी, अशा त्या संधिकाळात खाचरातून निघणारी आणि रानातून उतरणारी पाखरे एकाच कापडावर भेटतात.

चंद्राचा हिशेब मात्र ठेवावा लागतो. कोजागरीच्या रात्री गच्चीवर दूध आटवून जागणाऱ्यांस जे चांदणे सुखविते ते पतंग मोजणाऱ्याच्या मुळीच कामाचे नाही; पौर्णिमेच्या आगेमागे दिव्यावर येणाऱ्यांची संख्या एकदम घटते. उजळलेल्या आसमंतात दिव्याचा प्रभाव कमी पडतो म्हणून ती घटते, की चांदण्यात पाखरेच कमी उडतात म्हणून घटते, यावर जाणकारांत मतभेद आहे, आणि मला वाटते दोन्ही कारणे खरी असावीत. आश्विन अमावास्या त्या दृष्टीने उत्तम; पण ती लक्ष्मीपूजनाची रात्र, घरोघरी पणत्या आणि आकाशकंदील, आणि त्यांभोवती ते टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे किडे, ज्यांना लोक दिवाळीचे किडे म्हणून झटकतात. ते भातावरचे हिरवे तुडतुडे होत. पीक पिकू लागले, कापणी सुरू झाली, की ते आसरा सोडून दिव्यांकडे लोटतात. म्हणून मी नोंदीसाठी वसुबारसेपूर्वीच्या चार-सहा काळ्या रात्री निवडतो, आणि वहीत तिथी व चंद्रोदय तारखेच्या शेजारी न चुकता लिहितो.

पतंग दिव्याकडे का येतो हा प्रश्न कवींनी फार पूर्वी सोडविला आणि शास्त्रज्ञांना मात्र दीर्घ काळ सुटला नाही. चंद्राशी ठराविक कोन राखून सरळ उडणारे पाखरू जवळच्या दिव्याला चंद्र समजते आणि कोन राखता राखता चक्राकार आत ओढले जाते, अशी उपपत्ती पाठ्यपुस्तकांतून सांगितली जात असे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी उडत्या कीटकांची हालचाल टिपून निराळेच कारण पुढे आले: कीटक उडताना आपली पाठ नेहमी उजेडाकडे ठेवतो, कारण लाखो वर्षे वरचे आकाश हेच खालच्या जमिनीपेक्षा उजळ राहिले आहे, दिवा बाजूस आला की त्याची पाठ दिव्याकडे कलते, तोल कलतो, आणि तो दिव्याभोवती अडकून पडतो. मी हे वाचले त्यानंतरच्या शरदात मुद्दाम पाहिले. दिव्याच्या वर पोहोचलेले पाखरू खरोखरच उताणे होऊन खाली कोसळते. इतक्या वर्षांत हे डोळ्यांपुढे घडतच होते. पतंग ज्योतीवर प्रेम करीत नाही, तिच्याकडे पाठ करण्याच्या धडपडीत तो सापडतो, हे कळल्यापासून दिवा गरजेपेक्षा घटकाभरही जास्त जळत ठेवणे मला जिवावर येते. ठरलेल्या वेळी तो मालवून मी अंधारात कापडापाशी बसून राहतो आणि जे उडून जातील त्यांना जाऊ देतो.

रात्रीचाही एक क्रम असतो. दिवेलागणीनंतरच्या पहिल्या प्रहरात खाचरातली मंडळी येतात: खोडकिडे, पाने गुंडाळणाऱ्या अळीचे सोनेरी, पंखांवर काळपट नागमोडी रेघा असलेले इवलेसे पतंग, आणि तुडतुडे, पाणभुंगे, एखादा नाकतोडा. याच वेळी एक तांबूस-काळा, मुंगीसारखा लांबट भुंगा कापडावर धावताना दिसतो; तो मानेवर बसला तर त्यास चिरडावयाचे नाही, फुंकर मारून उडवावयाचे, कारण त्याच्या अंगातील विषाने कातडी भाजल्यासारखी उठते. पाठोपाठ उंबरावर वाढणारे नारिंगी पोटाचे पतंग येतात, आणि खुळखुळ्याच्या झुडपांवर वाढणारे, पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके मिरविणारे नाजूक पाखरू येते. त्या झुडपातील विषारी द्रव्य अळीच्या अंगात साठते आणि पंख फुटल्यावरही राहते, म्हणून पक्षी त्यास तोंड लावीत नाहीत आणि ते कोणालाही न भिता बसलेले असते.

रात्र वाढली की रुईपतंगांसारखे जाड अंगाचे, बाणासारखे उडणारे प्रकार येतात. अळवाच्या पानावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली शेपटीची अळी ज्यांनी परसात पाहिली असेल त्यांनी याच कुळाचे बालपण पाहिले आहे. ते कापडावर बसत नाहीत, आदळतात. आणि जावयाच्या वेळी लगेच उडत नाहीत. पंख अर्धवट उभारून ते अंगभर थरथरत राहतात, ती थरथर वाढत वाढत नुसता धूसर झोत दिसू लागतो, आणि उडण्याचे स्नायू पुरेसे तापले की पाखरू एकदम सुटते. एकदा एका थरथरत्या पतंगाच्या पाठीशी मी बोट नेले तर बोटास स्पष्ट ऊब लागली. तिळावर वाढणारा, पाठीवर कवटीसारखी खूण असलेला पतंग याच गटातला. हातात धरला तर तो सोंडेतून हवा फुंकून चक्क चिरकतो. मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पिणारा हा धीट प्राणी वरकशीवर तीळ कमी झाल्यापासून दिघाशीत मला विरळाच दिसतो.

एक गोष्ट मी शेजारच्या पोरांना हमखास दाखवितो. कापडाभोवती मध्यम आकाराचे पतंग घिरट्या घालीत असताना किल्ल्यांचा जुडगा जोराने खुळखुळवावा. त्यांतले कित्येक पंख मिटून दगडासारखे खाली पडतात किंवा झटक्यात वळतात. किल्ल्यांच्या नादात माणसास ऐकू न येणारे अतिसूक्ष्म स्वर असतात, आणि वटवाघूळ शिकार शोधताना जे स्वर काढते ते याच जातीचे. या पतंगांच्या कानात ध्वनी टिपणाऱ्या अवघ्या दोन पेशी असतात. त्या दोन पेशींवर त्यांचे सारे आयुष्य सुरक्षित राहिले आहे. पोरे ते पाहून थक्क होतात, आणि मीही होतो.

मध्यरात्रीच्या सुमारास वाळलेले पान वाऱ्याने उडून कापडाला चिकटावे तसा एक पतंग येतो, आणि त्याच्यावर मला थोडे अधिक लिहावयाचे आहे. मिटलेल्या पुढच्या पंखांवर पानाची मधली शीर, कडेचा कुरतडलेपणा, बुरशीचे डाग, सगळे हुबेहूब. पण काडीने हलकेच डिवचले की ते पंख बाजूस होतात आणि मागून गर्द नारिंगी पंख, त्यांवर काळा जाड पट्टा, असे काही उघडते की पाहणारा मागे सरतो. याची सोंड इतर पतंगांसारखी मऊ नसते. ती कणखर आणि टोकाशी काटेरी असते, आणि तिने तो संत्र्या-मोसंब्याची साल भोकसून रस शोषतो. विदर्भातल्या बागायतदारास तो रसशोषक पतंग म्हणून पक्का ठाऊक आहे. भोक पडलेले फळ सडून गळते, म्हणून तिथे संध्याकाळी बागेत धूर करतात. परंतु याची अळी संत्र्याच्या झाडावर वाढत नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेल यांवर, म्हणजे बांधाच्या आणि ओहोळाच्या जाळ्यांत. दिघाशीत संत्र्याची बाग नाही, तरी तो पतंग येतो, कारण गुळवेल आहे. पुस्तकात 'फळबागेची कीड' म्हणून ज्याची नोंद, तो इथे कोणाचेही काही न बिघडविणारा रानचा रहिवासी आहे; आणि माझ्या जुन्या तक्त्यात तो 'इतर' होता. एकाच जीवास एका जिल्ह्यात शत्रूचे सदर मिळते व दुसऱ्या जिल्ह्यात सदरच मिळत नाही.

पहाटेकडे ऐनावर वाढणारा टसराचा पतंग कधी येतो, कधी येत नाही. वीतभर पसरलेले पंख, नर विटकरी, मादी पिवळसर, प्रत्येक पंखावर काचेच्या खिडकीसारखा पारदर्शक डोळा. त्यास तोंड असून नसल्यासारखेच. पंख फुटल्यावर तो काही खात नाही, अळीपणी साठविलेल्या पुंजीवर थोडे दिवस जगतो. उन्हाळ्यात ऐनाची पाने गळाल्यावर त्याचा देठ असलेला टणक कोश फांदीला लोंबकळताना दिसतो. तो आला की गावातली माणसे उठून पाहावयास येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु वहीत त्याला एक ओळ आणि खोडकिड्यालाही एकच ओळ, हा नियम मी मोडत नाही.

हे काम आपल्या भागात नवे नाही. मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी गृहस्थ होते; त्याच आठांत कर्नल चार्ल्स स्विन्हो होता, ज्याने मुंबई व दख्खन येथील फुलपाखरे-पतंगांवर १८८५ साली विस्तृत निबंध लिहिला. जॉर्ज हॅम्प्सनने १८९२ ते १८९६ या काळात हिंदुस्थानातील पतंगांवर चार खंड सिद्ध केले, आणि आजही एखादे नाव अडले की अखेरीस त्यांच्यापाशी जावे लागते. परंतु माझा सर्वाधिक आदर कारवारच्या टी. आर. बेल या जंगलखात्यातील अधिकाऱ्यावर आहे. त्याने पतंग नुसते टाचण्यांवर खोचले नाहीत, अळ्या घरी वाढविल्या, कोणती अळी कोणते पान खाते ते लिहून ठेवले, आणि स्कॉट या सहलेखकाबरोबर १९३७ साली रुईपतंगांच्या कुळावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात जीवनक्रमांचे ते सारे भांडार आले. अलीकडे डॉ. व्ही. शुभलक्ष्मी यांची २०१८ ची पतंगांवरील मार्गदर्शिका निघाली, आणि आमच्यासारख्यांची पुष्कळ अडचण दूर झाली. भारतात फुलपाखरांच्या तेराशेहून अधिक जाती आहेत तर पतंगांच्या बारा हजारांच्या आसपास. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू घोषित केले ही आनंदाचीच गोष्ट, पण पतंगांचा विस्तार लक्षात घेता या भांडाराचा पहिला दरवाजाही आपण पुरता उघडलेला नाही.

आता शून्याच्या रात्रीविषयी. अशी एखादी रात्र येते, की हवा थंड आणि कोरडी पडते, वारा सुटतो, आणि कापडावर दोन तुडतुड्यांवाचून काही नसते. हौशी मंडळी अशा वेळी दिवा आवरतात आणि ती रात्र वहीत येतच नाही. मला त्यांचे फार वाईट वाटते, कारण जी रात्र लिहिली गेली नाही तिच्यामुळे उरलेल्या सगळ्या रात्री खोट्या ठरतात: दहा चांगल्या रात्रींची सरासरी आणि दहा चांगल्या व पाच रित्या रात्रींची सरासरी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात विल्यम्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १९३३ पासून एक दिवा ठराविक जागी रोज लावण्यास आरंभ केला. पुढे देशभर तसेच दिवे लागले, आणि त्यांवर रोजचे आकडे, भरलेले आणि रिते दोन्ही, माणसांनी निमूट लिहिले. त्या वह्यांच्या बळावर २०२१ साली सांगता आले, की १९६८ ते २०१७ या पन्नास वर्षांत ब्रिटनमधील मोठ्या पतंगांची संख्या एकतृतीयांशाने घटली. ही घट दुर्मिळ पाखरांच्या छायाचित्रांतून कधीच कळली नसती. ती सामान्य पाखरांच्या कंटाळवाण्या बेरजांतून कळली.

आपल्याकडे लोक मला विचारतात, पूर्वीपेक्षा पतंग कमी झाले का हो? गावातले वृद्ध सांगतात की गॅसबत्तीखाली ढीग पडत. त्यांच्या सांगण्यावर माझा विश्वास आहे; पण आठवण हा दाखला होऊ शकत नाही. आमच्या खात्यात शत्रूंचे आकडे पुष्कळ वर्षांचे सापडतील. 'इतर'चा तपशील कोणीच लिहिला नाही, म्हणून जे गेले त्याची नावनिशी आपल्याजवळ नाही, आणि जे आहे त्याची निदान आता तरी असावी एवढ्यासाठी ही खटपट.

काही बदल मात्र दिसतात आणि ते मी कारणांसकट लिहून ठेवतो. दक्षिणेकडचे क्षितिज पूर्वी काळे असे. आता भिवंडीच्या बाजूने, जिथे माग आणि गोदामे रात्रभर जागी असतात, तिकडे आभाळाच्या पायथ्याशी एक तांबूस-पांढरा पट्टा कायम असतो. रस्त्याकडेच्या खांबांवर पांढरे एलईडी दिवे लागले तेव्हापासून पाखरांची विभागणी होते. त्यामुळे कापडावरचा आकडा घटला तर पाखरे घटली की दिव्याची सत्ता घटली, हे ठरविणे कठीण होते. यावर मी एकच उपाय करू शकतो: प्रत्येक रात्री दिवा लावण्यापूर्वी चारी दिशांना किती आणि कोणते उजेड दिसतात ते लिहितो. साग हा दुसरा विषय. पावसाळ्याच्या आरंभी एका जातीच्या अळ्या सागाचे पान पूर्ण फस्त करतात, आणि शरदात दुसऱ्या जातीच्या अळ्या पानाचा गर तेवढा खाऊन शिरांची जाळी शिल्लक ठेवतात. ती जाळीदार पाने ज्या वर्षी डोंगरावर तपकिरी दिसतात त्या वर्षी त्या पतंगांची कापडावर गर्दी होते, पण ती किती दिवस आधी होते, म्हणजे दिवा पाहून रानाचे भाकीत करता येईल का, हे अजून माझ्या हाती आलेले नाही.

पहाट होण्यापूर्वी कापड उतरवून झटकणे हा कामाचा भाग आहे आणि तो आळसाने टाळता येत नाही. फटफटू लागताच कोतवाल आणि दयाळ येऊन ठेपतात. चार-दोन सकाळी सहज शिकार मिळाली की त्यांना ती जागा आणि वेळ पाठ होते, आणि उजेडात सुस्त बसलेले पाखरू ते एकामागून एक टिपतात. जमिनीवर पंखांचे तुकडे तेवढे राहतात. म्हणून तांबडे फुटण्याआधी मी कापडावरचे प्रत्येक पाखरू पेल्यात घेऊन करंजाच्या झुडपात, पानांच्या मागे, एकमेकांपासून दूर दूर सोडतो. दिव्याची जागा ज्या वृद्ध शेतकऱ्यांनी दाखविली, ते बाबा पहाटे खाचराकडे जाताना तिथे थांबतात आणि खोडकिडे किती हे पहिल्याने विचारतात. संख्या चढती असेल तर मी त्यांना तेच सांगतो जे खात्यात असताना सांगत होतो: कापणी जमिनीलगत करा, आणि कापणी झाल्यावर धसकटे नांगरून काढा, कारण अळी तिथेच दडून उन्हाळा काढते. मग ते विचारतात, "आणि तुमची बाकीची?" तेव्हा मी वही उघडून नावे वाचतो. उंबर, गुळवेल, खुळखुळा, ऐन ही झाडांची नावे त्यांना ठाऊक असतात. कोणत्या झाडाचे पाखरू ते ऐकून, अमुक ओहोळाच्या वळणावर ती वेल आहे, तमुक बांधावरचा उंबर गेल्या साली तोडला, असे ते सांगतात, आणि ते मी त्या पाखराच्या ओळीपुढे कैफियतीच्या रकान्यात लिहितो. माझ्या वहीतला सर्वांत मोलाचा मजकूर त्या रकान्यात आहे.

येत्या आश्विनापासून दुसरा दिवा सागाच्या रानाच्या कडेला लावण्याचा विचार आहे, म्हणजे माळावरची आणि रानकडेची अशा दोन याद्या एकाच रात्री तयार होतील. त्यासाठी बॅटरीवर चालणारा अतिनील दिवा घ्यावा लागेल, आणि दोन्ही ठिकाणी तो एकाच जातीचा असावा लागेल, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. गावातील दहावी झालेली दोन मुले रात्री बसावयास तयार आहेत. त्यांच्यासाठी नवा तक्ता आखून ठेवला आहे: तारीख, तिथी, चंद्रोदय, पाऊस, वारा, आसमंतातील उजेड, दिवा लावल्याची व मालविल्याची वेळ, मग पाखराचे नाव किंवा छायाचित्राचा क्रमांक, संख्या, आणि कैफियत. खोडकिडा त्यात आहेच. 'इतर' हे सदर काढून टाकले आहे.